ओढणारा भाता

शिकागोच्या आयव्ज मॅकगॅफीने १८६९ साली ज्या झाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते नीट चालवायला बाईला तीन हात हवे होते. एका हाताने दांडा धरून यंत्र पुढे ढकलायचं. दुसऱ्याने वरची मूठ गरागरा फिरवायची, म्हणजे पट्ट्यावरून ती गती खालच्या पंख्यापर्यंत जायची आणि पंखा धूळ ओढायचा. तिसरा हात त्या काळातला घोळदार झगा सावरायला. नाव मात्र ऐटीत ठेवलेलं, 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. लाकडाची आणि कॅनव्हासची ही वावटळ पंचवीस डॉलरला मिळायची. आज तिचे दोनच नमुने उरलेत असं जाणकार सांगतात. त्यातला एक ओहायोतल्या नॉर्थ कँटनला, व्हॅक्यूम क्लीनरवाल्या विल्यम हूव्हरच्या बालपणीच्या घरात केलेल्या संग्रहालयात आहे.

विजेशिवाय चालणारे व्हॅक्यूम क्लीनर म्हटलं की लोकांना वाटतं, हे विजेच्या यंत्राचे पूर्वज असणार. काही तसे आहेतही. आयोवाच्या डॅनियल हेसने तर मॅकगॅफीच्याही आधी, १८६० मध्येच ब्रशच्या जोडीला भाता बसवला होता. पण संग्राहकांच्या हाती लागणारी बहुतेक यंत्रं १९०८ ते १९२० च्या दरम्यानची, म्हणजे विजेच्या क्लीनरच्या बरोबरीनेच बाजारात आलेली. कँटनमधल्या एका दुकानात झाडलोट करणाऱ्या, दम्याने बेजार झालेल्या जेम्स स्पँगलरने पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून विजेचं यंत्र बनवलं. १९०८ साली त्याचे हक्क हूव्हरने घेतले. हूव्हरचा धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा, आणि मोटारी आल्यावर घोड्यांचं काही खरं नव्हतं. पण हूव्हरचं यंत्र चालायला भिंतीत वीज हवी. १९३० सालीसुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात ती होती. उरलेल्या नऊ घरांत गालिचे होते, धूळ होती आणि हात होते.

त्या हातांसाठी कारखानदारांनी काय काय करून ठेवलंय! लांब पत्र्याच्या नळीत दट्ट्या, सायकलच्या पंपासारखा, फक्त उलटा. वरची मूठ खेचली की खालच्या तोंडातून हवा आत. न्यू जर्सीतल्या 'कॉटन' यंत्राची तर गंमतच. दोन्ही पाय फळीवर ठेवून उभं राहायचं आणि डावीउजवीकडे झुलायचं, पायाखाली दोन भाते आळीपाळीने उघडमीट करणार, आणि हातातली नळी आपण गालिच्यावर फिरवत राहायची. घरच्या घरी सी-सॉ! त्याच राज्यातल्या राहवे गावची रेजिना कंपनी मूळची संगीतपेट्या करणारी. ग्रामोफोन आल्यावर संगीतपेट्यांचा खप पडला, तेव्हा तिने हवा ओढणारी यंत्रं काढली. आणि सगळ्यात शहाणी म्हणजे चाकांची यंत्रं, मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरला, कनेक्टिकटच्या टॉरिंग्टनला बनणारी. ती नुसती पुढेमागे ढकलायची, चाकांच्या फिरण्यावर आतले भाते चालतात. मला आवडतात ती हीच.

आवडण्याचं कारण घरगुती आहे. आमच्या घरी पेटी होती आणि ती गळायला लागली की तिचा भाता उघडताना मी शेजारी बसायचो. चामड्याच्या पट्ट्या, घडीवर उकललेला कागद, सरसाचा तो घाणेरडा आणि ओळखीचा वास. आपली हातपेटी हवा सुरांतून बाहेर ढकलते. अमेरिकन ऑर्गन, बॉस्टनच्या मेसन अँड हॅमलिनसारखे, उलटं करतात: पायाने भाते चालवायचे आणि ते हवा आत ओढून घेतात, ती जाता जाता पितळी पट्ट्या वाजवते. हाच ऑर्गन आपल्या संगीत रंगभूमीवर बसला होता. गंधर्व नाटक मंडळीच्या पहिल्या दहा वर्षांत पुण्यामुंबईच्या थिएटरांतून ऑर्गनवर ज्या तऱ्हेने हवा ओढली जात होती, नेमकी त्याच तऱ्हेने ती टॉरिंग्टनच्या यंत्रातून, कुणा शेतकऱ्याच्या बैठकीत, गालिच्यातून ओढली जात होती. अडचणही एकच. एकच भाता असला तर तो उघडताना ओढ, मिटताना काही नाही, म्हणजे यंत्र उचक्या देत चालणार. ऑर्गनवाल्यांनी त्यासाठी हवेचा साठा धरणारा मोठा भाता मागे ठेवला. चाकाच्या अनेक यंत्रांत तीन भाते एकाच आसाभोवती बसवलेत. एक मिटायला लागला की दुसरा उघडतोच. संवादिनीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुरुस्तीत खरं काम भात्याचंच. पत्रा टिकतो, लाकूड टिकतं, बिडाची चाकं तर आपल्यालाही पोचवतील. मरतं ते चामडं आणि रबर लावलेलं कापड. शंभर वर्षांचं कापड घडीवर बोट लावताच पापडासारखं मोडतं. ते काढायला चाकू घालायचा नाही. ओलं फडकं ठेवून वरून कोमट इस्त्री धरायची, थोड्या वेळाने सरस सैल होतो आणि कापड आपण होऊन सुटून येतं. जुन्या सुतारांनी सरस वापरला याबद्दल त्यांना दुवा द्यावा. आजचा पांढरा गोंद असता तर फळी सोलून निघाली असती. नवं कापड पियानोच्या दुकानदारांकडून मागवायचं, कारण आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोंनाही असेच भाते असतात आणि त्यांची दुरुस्ती करणारे लोक अजून आहेत. झडपांना मऊ कातडं, खरबरीत बाजू आत की बाहेर हे जुन्या तुकड्यावरून पाहूनच ठरवायचं. मग सुकेपर्यंत हात मागे बांधून बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

त्याआधी पिशवी रिकामी करायची. तिथे आम्हा संग्राहकांत दोन तट आहेत. एक म्हणतात, शंभर वर्षांची धूळ आहे, ती यंत्राचाच भाग; असू द्या. दुसरे म्हणतात, झाडण्याच्या यंत्रात केर जपून ठेवायचा म्हणजे कमाल झाली. मी दुसऱ्यांतला, पण रिकामी करताना वर्तमानपत्र पसरून नीट बघतो. नमद्यासारखा झालेला करडा थर, त्यात टाचण्या, शर्टाचं शिंपल्याचं बटण, आणि काळी बारीक खर, कारण तेव्हा घराघरात कोळशाची शेगडी. धुळीच्या रंगावरून घर कशाने तापत होतं ते कळतं.

मात्र ही यंत्रं चालवून बघितल्याशिवाय त्यांच्याविषयी हळवं होऊ नये. जाहिरातीतली बाई हसतमुख, केसांची एक बट हललेली नाही. प्रत्यक्षात पंपाचं यंत्र एका खोलीभर चालवलं की दंड भरून येतात, आणि ओढलेली धूळ बघितली की नवऱ्याने पैसे फुकट घातले असं त्या बाईला वाटलं असल्यास मी तिच्या बाजूचा. पुष्कळ यंत्रांना दोन माणसं लागत, एक भाता हलवायला, दुसरं नळी धरायला. ते दुसरं माणूस बहुधा शाळेतून आलेलं पोर किंवा मोलकरीण. कष्ट वाचवणारी म्हणून विकलेली ही यंत्रं कष्ट फक्त पाठीवरून दंडावर नेत होती. त्यापेक्षा ग्रँड रॅपिड्सच्या बिसेलचा १८७६ चा साधा ब्रशचा स्वीपर प्रामाणिक. हवाबिवा ओढण्याचा आव नाही, केर झटकून डब्यात टाकतो आणि गप्प बसतो. मेल्व्हिल बिसेल १८८९ मध्ये गेल्यावर त्याच्या बायकोने, अॅनाने कारखाना हातात घेतला आणि चांगला चालवला. हिशेबाने बघितलं तर भात्याची यंत्रं हरली आणि हरायलाच हवी होती. पण आवाज म्हणून म्हणाल तर त्यांच्यासारखं काही नाही. विजेचं यंत्र किंचाळतं. हे श्वास घेतं, जरा दम लागलेल्या माणसासारखा.

मिसुरीतल्या सेंट जेम्स गावी तर व्हॅक्यूम क्लीनरचं एक आख्खं संग्रहालयच आहे. संग्राहकांची संघटना आहे, मेळावे भरतात, कोण जास्त केर ओढतो याच्या चढाओढी लागतात. आपल्याकडे दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या जमवल्या तेव्हा पुण्यातही लोक हसलेच असतील. हसणाऱ्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत.

आणि ज्यांच्याकडे ही यंत्रं जुनी झालीच नाहीत असेही लोक मी राहतो त्या ओहायोतच आहेत. किड्रन गावात १९५५ पासून लेहमनचं दुकान आहे, भोवतालच्या, वीज टाळणाऱ्या अमिश पंथाच्या शेतकऱ्यांसाठी काढलेलं. हाताने फिरवायची पिळणी, रॉकेलचे कंदील आणि कोऱ्या खोक्यातले, विजेशिवाय चालणारे स्वीपर तिथे आजही मिळतात. मी तिथे जुन्या यंत्राचा एक सुटा भाग शोधत होतो. काळी टोपी घातलेली एक अमिश बाई शेजारचा नवा स्वीपर ढकलून बघत होती. जुनं यंत्र दुरुस्त करून काचेच्या कपाटात ठेवणार, हे ऐकून तिने माझ्याकडे नम्रपणे पाहिलं आणि ब्रशचे केस पुन्हा तपासले.

गेल्या दिवाळीत आई इकडे होती. लक्ष्मीपूजनाला केरसुणी हवी, आणि आमच्या गावात ती मिळाली नाही. तिने घरभर नजर फिरवली आणि टॉरिंग्टनच्या यंत्राकडे बोट केलं. "केरच काढतं ना? मग आण इकडे." मी म्हटलं, आई, हळदकुंकू निकेलवर नको, डाग जात नाही. सोनेरी अक्षरं जिथून पूर्वीच उडालीत ती लाकडाची जागा तिला दाखवली. तिने तिथे बोटं टेकवली, झेंडू वाहिला, मग दांडा धरून यंत्र गालिच्यावर पुढेमागे नेऊन बघितलं.

"ओढतंय की रे," ती म्हणाली. "पण कोपऱ्यातलं कशाने काढायचं?"