किल्ले समोरासमोर, मधे नदी

बालमित्रांनो, भिंतीवरच्या युरोपच्या नकाशाजवळ जा पाहू. फ्रान्स सापडला? आता त्याच्या नैऋत्य भागात, समुद्राजवळ, बोर्दो हे शहर शोधा. तिथे बोट ठेवा आणि हळूहळू पूर्वेकडे सरकवा. एक निळी, नागमोडी रेघ लागेल. ती दोर्दोन्य नदी. फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिसचा आयफेल टॉवर येतो. पण आज आपण पॅरिसला जायचंच नाही. आज या नदीच्या काठाकाठाने, जुन्या दगडी गावांतून भटकायचं.

नदीची ओळख आधी करून घेऊ. प्वी द सांसी नावाचा एक डोंगर आहे. तो एकेकाळचा ज्वालामुखी, पण आता शांत. उंची सुमारे १,८८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही जास्त. त्याच्या अंगावरून दोन ओहोळ उतरतात, एक 'दोर' आणि दुसरा 'दोन्य'. दोघं एकत्र येतात आणि पुढे वाहते ती दोर्दोन्य! सुमारे ४८० किलोमीटर धावून ती बोर्दोच्या खालच्या बाजूला गारोन नदीला भेटते. दोघींची मिळून जिरोंद नावाची रुंद खाडी होते आणि ती अटलांटिक महासागराला मिळते.

आता एक कोडं घालते. एक होडी अशी होती की ती फक्त जायची, परत कधीच यायची नाही. का बरं?

सांगते. दोर्दोन्यच्या वरच्या अंगाला दाट जंगल. ओक आणि चेस्टनटची झाडं भरपूर. खाली बोर्दोच्या बाजूला द्राक्षांचे मळे. मळेवाल्यांना वेलींना आधार द्यायला खुंट हवेत आणि वाइनची पिंपं करायला फळ्या हव्यात. रस्ते धड नव्हते, मग नदी हाच रस्ता! सपाट तळाच्या लाकडी होड्यांत हे सामान भरून नावाडी खाली निघत. या होडीला तिथे 'गाबार' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी इतकं कमी की होडी तळाला टेके, आणि महापुरात तर जिवाशीच गाठ. म्हणून पाणी बेताचं चढलं की लगेच निघायचं. डोंगराळ भागातल्या खळखळत्या प्रवाहाविरुद्ध होडी परत वर नेणं काही शक्य नव्हतं. मग काय, माल विकून झाला की होडीही मोडून तिचं लाकूड विकायचं! नावाडी चालत घरी परत. आहे की नाही गंमत?

पुढे एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली. गाडीला ना पूर आडवा येई ना कोरडा उन्हाळा. बघता बघता होड्यांचा धंदा बसला. आज गाबार दिसतात त्या पर्यटकांना फिरवणाऱ्या. आपणही तशाच एका होडीत बसलो आहोत असं समजा आणि वर बघा.

समोर दिसतंय ते गाव ला रोक गाजाक. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला उंच सरळ कडा, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एकावर एक रचल्यासारखी पिवळसर दगडांची घरं. कड्याच्या पोटात, उंचावर, एक जुना किल्लाही कोरून बांधलेला आहे. शत्रू आला की लोकांनी वर चढून जायचं! आणखी एक नवल म्हणजे या थंड देशात कड्याच्या पायथ्याशी केळी, बांबू आणि ताडाची जातभाई झाडं वाढतात. कारण सोपं आहे. कडा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. दिवसभर ऊन खाऊन दगड तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू बाहेर सोडतो. शिवाय उत्तरेचा बोचरा वारा कड्याआड अडतो. तापलेल्या भिंतीला संध्याकाळी हात लावून बघा, म्हणजे कळेल.

पण ऊब देणारा हाच कडा एकदा कोसळला. १७ जानेवारी १९५७ रोजी त्याचा एक प्रचंड तुकडा सुटून गावावर आला. घरं गाडली गेली, तीन माणसं दगावली. आपल्याकडे डोंगरपायथ्याच्या गावांना पावसाळ्यात हीच धास्ती असते, नाही का? ला रोक गाजाकच्या लोकांनी गाव मात्र सोडलं नाही. पडलेली घरं पुन्हा बांधली, तीही जुन्या घरांना शोभतील अशीच.

होडी जरा पुढे जाऊ द्या. आता मान दोन्हीकडे फिरवावी लागेल! उजव्या काठावर, नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर, बेनाकचा किल्ला. आणि पलीकडच्या काठावर, टेकडीवर, कास्तेलनोचा किल्ला. दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत असं वाटतं. आणि खरोखरच ते वैरी होते, बरं का!

झालं असं की ११५२ मध्ये या प्रदेशाची वारसदार एलेनॉर हिचं हेन्रीशी लग्न झालं, आणि दोनच वर्षांनी हा हेन्री इंग्लंडचा राजा झाला. म्हणजे जमीन फ्रान्समधली, पण धनी इंग्लंडचा राजा. मग भांडण होणारच! पुढे १३३७ पासून १४५३ पर्यंत दोन्ही देशांत युद्धं होत राहिली. इतिहासात त्यांना 'शंभर वर्षांचे युद्ध' म्हणतात. शंभर कसली, मोजून बघा, एकशे सोळा होतात. या काळात बेनाक फ्रान्सच्या बाजूने, तर कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या हातात. मधली नदी म्हणजे सरहद्द! विचार करा, ज्या नदीवर रोज मासे धरायचे, तिचाच पलीकडचा काठ शत्रूचा. शेवटी १४४२ मध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घालून कास्तेलनो कायमचा जिंकला.

आज कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे. तिथे त्या काळच्या दगडफेक्या यंत्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभ्या आहेत. यंत्र म्हणजे एक मोठा तराफच. लांब दांड्याच्या आखूड टोकाला जबर वजन, लांब टोकाला गोफण. वजन धाडकन खाली आलं की दुसरं टोक झपकन वर जातं आणि गोफणीतला धोंडा सुटतो. विज्ञानाच्या पुस्तकातली साधी तरफ, पण किल्ल्याची भिंत फोडणारी!

जवळच एका उंच टेकडीवर दोम हे गाव आहे. बाकीची गावं हळूहळू, जशी जागा मिळेल तशी वाढली. दोम मात्र ठरवून वसवलेलं. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये ते वसवायला घेतलं. अशा नव्या गावांत रस्ते सरळ आखत आणि मधोमध बाजाराचा चौक ठेवत. दोमच्या वेशीच्या बुरुजांत नंतर कैदी कोंडले होते. त्यांनी दगडी भिंतींवर कोरलेली चित्रं आजही दिसतात.

आता होडीतून उतरा. उत्तरेकडे थोड्या अंतरावर सार्ला हे गाव आहे. गल्ल्याच गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना चारशे-पाचशे वर्षांची घरं. काही घरांच्या छपरांवर कौलं नाहीत, दगडी चिपा आहेत! त्यांचं वजन पेलायला खाली लाकडाचा भक्कम सांगाडा लागतो. ही घरं टिकली कशी, माहीत आहे? बऱ्याच अंशी गरिबीमुळे! व्यापार दुसरीकडे गेला, लोकांकडे पैसा उरला नाही. जुनं पाडून नवं बांधणार कशाने? म्हणून जुनं तसंच राहिलं. पण नुसतं राहून काय उपयोग? भिंती फुगल्या, छपरं खचली. मग १९६२ मध्ये फ्रान्सने एक कायदा केला. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने तो ओळखला जातो. एकटीदुकटी इमारत नाही, तर जुनी वस्तीच्या वस्ती जपायची, असा तो कायदा. त्याच्या आधारे सुरुवातीला ज्या गावांची दुरुस्ती झाली त्यांत सार्ला होतं.

जपणं किती अवघड असतं, हे शेजारच्या व्हेझेर नदीने शिकवलं. ही दोर्दोन्यला मिळणारी नदी. १२ सप्टेंबर १९४० रोजी तिच्या काठच्या माँतिन्याक गावाजवळ चार मुलगे जमिनीतल्या एका भोकातून आत घसरले. दिवा धरून बघतात तो काय, भिंतींवर आणि छतावर धावणारे घोडे, बैल, हरणं! सतरा हजार वर्षांहून जुनी चित्रं! हीच लास्कोची गुहा. मुलांनी आपल्या गावच्या गुरुजींना, लेआँ लाव्हाल यांना, ही गोष्ट सांगितली. गुरुजींचा आधी विश्वासच बसला नाही म्हणे! त्या मुलांपैकी जाक मार्साल याने गुहेच्या तोंडाशी राहून पहारा केला. मोठेपणी तो तिथेच वाटाड्या झाला.

१९४८ मध्ये गुहा सर्वांसाठी उघडली आणि लोकांची रीघ लागली. पण हजारो माणसांच्या श्वासाने आतली हवा ओलसर आणि उबदार झाली. भिंतींवर हिरवं शेवाळ धरू लागलं. इतकी वर्षं अंधारात टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत धोक्यात आली! म्हणून १९६३ मध्ये गुहा बंद केली, ती आजही बंदच आहे. लोकांना बघायला जवळच हुबेहूब प्रतिकृती केल्या, एक १९८३ मध्ये आणि दुसरी, जास्त मोठी, २०१६ मध्ये. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांनाही गर्दीच्या श्वासाचा त्रास होतो. म्हणून तिथे लेण्यात एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. उगाच अडवतात म्हणून तेव्हा रागावू नका हं!

पण गुहा बंद करता येते, गाव कसं बंद करणार? गावात माणसं राहतात. त्यांना दूध आणायचं असतं, मुलांना शाळेत सोडायचं असतं. बेनाकचंच बघा. कडा आणि नदी यांच्यामधल्या अरुंद जागेतून मोठा रस्ता जातो. उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या, बस आणि ट्रक यांची तिथे कोंडी होते. म्हणून वळणरस्ता काढायचं ठरलं. त्यासाठी नदीवर पूल हवेत. २०१८ मध्ये काम सुरू झालं, पाण्यात पुलाचे खांबही उभे राहिले. पण अनेकांनी विरोध केला. हा सुंदर काठ बिघडेल, पाखरामाशांना त्रास होईल, असं त्यांचं म्हणणं. २०१८ च्या अखेरीस सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं. पुढे २०१९ मध्ये न्यायालयाचा निकाल लागला, की झालेलं बांधकामही पाडा! काहींना आनंद झाला. काही म्हणाले, "एवढा पैसा पाण्यात गेला, आणि आमच्या दारातली गर्दी तशीच!"

पूर्वी वैर होतं ते अल्याड-पल्याडच्या किल्ल्यांचं. आता वाद एकाच गावातल्या माणसांचा. आणि दोन्हीकडची माणसं गावावर प्रेम करणारीच!

तुम्ही बेनाकमध्ये राहत असता तर कोणाची बाजू घेतली असती? घाईने उत्तर देऊ नका. आधी रोज त्या कोंडीत अडकणारा बसचालक व्हा, मग दुकानदार व्हा, मग नदीतला मासा व्हा! तिघांचं म्हणणं वहीत तीन-तीन ओळींत लिहा. घरी आईबाबांना वाचून दाखवा आणि त्यांनाही विचारा. आणि हो, तुमच्या घरात सगळ्यांचं उत्तर एकच आलं नाही, तरी हरकत नाही.