मधला माणूस

आमच्याकडे जमीन विकायची झाली तर कुणी दवंडी पिटत नाही. आधी भाऊबंदांच्या कानावर घालायचं, मग बांधकऱ्याला विचारायचं. हे दोघं थेट दारात आले तरी कुणाला वावगं वाटत नाही. परकं गिऱ्हाईक मात्र मधल्या माणसाबरोबरच यायचं. "तुम्हाला कुणी धाडलं?" हा ओसरीवरचा पहिला सवाल.

माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, ओढ्याकडचं सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे, विकायला काढलं. सोसायटीचं कर्ज थकलं होतं. मध्यस्थी गावातल्याच अण्णांची. दलाली दोन्हीकडून एकेक टक्का, आधीच बोललेली. अण्णांनी पुण्याचं गिऱ्हाईक आणलं, शेत दाखवलं. चार दिवसांनी तेच गृहस्थ दिवेलागणीला एकटेच आले, हातात पेढ्यांचा पुडा. गाडी लांब देवळापाशी लावून चालत आले, त्यावरूनच आईनं काय ते ओळखलं.

"काका, अण्णांना मध्ये कशाला? तुमचाही टक्का वाचेल, माझाही."

तात्यांना तेव्हा टक्का काही थोडा नव्हता. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बसा, चहा घ्या," आणि मला हाक मारली, "जा रं, अण्णाला बलावून आण. म्हणावं, तुझा पाव्हणा आलाय."

सातबाऱ्यावर चिंचवडच्या आत्याचंही नाव होतं. तिनं सही द्यावी म्हणून अण्णांनी एसटीनं दोन खेपा घातल्या होत्या, तिच्या मुलाची बोलणी खाल्ली होती. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. पाव्हण्यांचा सातबाराही अण्णांनीच आधी बघितलेला. पाव्हण्यांना यातलं फक्त अर्ध्या तासाचं शेत दाखवणं दिसलं.

सगळे दलाल अण्णांसारखे नसतात, हेही खरं. मालकाला एक भाव, गिऱ्हाइकाला दुसरा आणि मधली रक्कम खिशात, असले महाभाग मी पाहिलेत. तिथं मालकाशी थेट बोलावंच. पण दिवसाढवळ्या, त्याला सांगून: दलाली तुझी तुला मिळेल, भाव आम्ही समोरासमोर बोलणार.

अण्णा आले. पुड्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. पाव्हणेच ओशाळून म्हणाले, "सहज आलो होतो." मग रात्री दहापर्यंत भाव, वाट, विहिरीतला हिस्सा, सगळं बोलून झालं. इसारपावतीवर साक्षीदार अण्णाच. पुडा तसाच बांधलेला राहिला. आईनं तो दुसऱ्या दिवशी सोडला.

खरेदीखताच्या दिवशी आत्याला चिंचवडहून घेऊन आले तेही अण्णाच.