लाल गल्ली

फिलाडेल्फिया,
रविवार रात्र

प्रिय दादा,


तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘बारा-तेरा वर्षांच्या पोरांना वर्णद्वेषाचा इतिहास आत्तापासून कशाला? सुखानं शिकू दे की त्यांना,’ असं तू लिहितोस. तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाचा हा प्रश्न, म्हणून चार दिवस विचार करून लिहितेय.

शाळा सुटल्यावर लायब्ररीच्या तळघरात आमचा वर्ग भरतो. बहुतेक पोरं कृष्णवर्णीय. परवा त्यांच्यापुढे शहराचा जुना नकाशा पसरला. १९३३ साली इथल्या सरकारनं घरकर्जांसाठी महामंडळ काढलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं शहरोशहरीच्या वस्त्यांना चार रंग दिले. हिरवी वस्ती कर्जासाठी उत्तम, लाल धोक्याची. सोबतच्या तक्त्यात कृष्णवर्णीय किती राहतात, याचाही रकाना असे. एका मुलीनं बोटानं आपली गल्ली शोधली. लाल. बराच वेळ बोट उचललं नाही. मग हळूच म्हणाली, “मला वाटायचं, आमच्याच लोकांना घरं नीट ठेवता येत नाहीत.”

दादा, अन्याय तिला ठाऊकच होता, ती रोज त्यातूनच शाळेत येते. तो कुणीतरी कागदावर आखला होता, हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हणून त्याची लाज ती आपल्या आई-आजीच्या माथी मारत होती. हे ओझं उतरवायला तेरावं वर्ष लवकर कसं?

१९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत आमच्या वर्गासारख्याच चाळीसहून जास्त ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या. दोन हजारांवर विद्यार्थी आले. मॅककोम गावात नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, तर पोरं त्याच घरापुढच्या गवतावर शिकायला बसली. ऑगस्टमध्ये मेरिडियनला विद्यार्थ्यांनी स्वतःची परिषद भरवून मागण्यांचे ठराव केले. आमची पोरं सध्या लाल गल्ल्यांतली झाडं मोजतायत. ते आकडे घेऊन झाडं मागायला नगरसेवकांकडे जायचंय.

जोतीरावांनी १८७३त ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, हेही पोरांना सांगितलं. तेव्हा एकानं विचारलं, “तुमच्या गावचा नकाशा कसा होता?” मी फळ्यावर काढायला घेतला. देऊळ, पेठ, आपलं घर, ओढ्यापलीकडची वस्ती. पाणवठ्यांपाशी हात थांबला. पलीकडची माणसं पाणी कुठून आणायची, मला सांगता येईना. आपण कधी तिकडे गेलोच नाही.

तुझ्या अभ्यासिकेत आता दोन्हीकडची पोरं येतात. त्यांना घेऊन तो नकाशा काढ. जुना पाणवठा कोणता कुणाचा, तेही लिहून पाठव. इथली पोरं विचारतायत.

तुझी,
धाकटी