गृहशिक्षणातील जागा आणि मांडणी : एका घराचा अनुभव

गृहशिक्षण, म्हणजे मुलाला शाळेत न घालता पालकांनी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी घरीच घेणे, हा विषय निघाला की चर्चा बहुधा अभ्यासक्रम, परीक्षा आणि मुलांचे सवंगडी यांभोवती फिरते. ज्या जागेत हे शिक्षण रोज घडणार असते तिचा विचार मात्र सामान ठेवण्याची अडचण एवढ्यापुरताच होतो. पुण्यातील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या सदनिकेत दोन मुलांचे शिक्षण घरी करताना प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाला जे आढळले, त्यावरून असे ठामपणे म्हणता येते की, कोणती वस्तू कोठे ठेवली आहे यावरून मूल दिवसभरात स्वतःहून काय हाती घेईल हे बऱ्याच अंशी ठरते, आणि म्हणून घराची मांडणी हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

या विचाराला शिक्षणशास्त्रात जुना आधार आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथील अनुभवातून त्यांनी मुलाच्या उंचीची टेबले, बुटकी उघडी कपाटे आणि प्रत्येक साधनाची ठरलेली जागा यांवर भर दिला; अशा रचनेला पूर्वसिद्ध परिसर म्हणतात, म्हणजे मुलाला मोठ्यांच्या मदतीवाचून वावरता यावे यासाठी आधीच विचारपूर्वक रचलेला परिसर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला हेच तत्त्व ग्रामीण परिस्थितीत उतरवताना महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शंख-शिंपले अशा भोवतालच्या वस्तू वापरल्या. शहरातील गृहशिक्षणाला मात्र यांतील साधनांपेक्षा परिसराच्या रचनेचा धडा अधिक उपयोगी आहे, कारण सदनिकेत कमी पडते ती साधने नव्हेत, तर जागा.

सदर घरात बैठकीच्या खोलीतील काचेची शोकेस काढून तेथे मुलाच्या खांद्याएवढी उंच, दारे नसलेली लाकडी मांडणी ठेवण्यात आली. तिच्यावर एका वेळी मोजकीच साधने असतात : चिंचोक्यांची परडी, तराजू आणि वजने, रंग, चालू महिन्यात वाचली जाणारी पुस्तके. उरलेले सामान दिवाणाच्या खणात आणि पोटमाळ्यावर जाते आणि अधूनमधून त्याची अदलाबदल होते. सर्व काही एकाच वेळी समोर असले की मूल गोंधळते आणि कशातच रमत नाही, ही गोष्ट दोन्ही मुलांच्या बाबतीत सारखीच दिसून आली. कात्र्या, करवत आणि प्रयोगाची रसायने मात्र उंचावर कुलपात असतात. हा अपवाद वगळता, मागून घ्यावे लागेल असे काही ठेवायचे नाही, हा नियम आहे.

पुस्तकांविषयीचा निर्णय याहून अवघड होता. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, आणि वाचकाने स्वतः फडताळापर्यंत जाऊन पुस्तक हाताळावे या मुक्त प्रवेशाच्या पद्धतीचा त्यांनी आग्रह धरला. ग्रंथालयात यासाठी विषयवार रचना लागते. घरात मात्र पुस्तक जेथे लागते तेथे ठेवणे अधिक फलदायी ठरते. त्यामुळे पक्ष्यांची ओळख करून देणारे पुस्तक खिडकीशी दुर्बिणीजवळ, नकाशासंग्रह वर्तमानपत्राच्या स्टँडजवळ आणि मापांचे पेले स्वयंपाकघरात राहिले, आणि अपूर्णांकांचा बराचसा अभ्यास कणीक मळताना झाला. स्वतंत्र अभ्यासाची खोली असावी, हा आग्रह लेखिकेला अनाठायी वाटतो; अशी खोली शिक्षणाला घरातील व्यवहारापासून तोडण्याचीच शक्यता जास्त.

तथापि सर्वांत उपेक्षित राहते ती अर्धवट कामाची जागा. शाळेत तासाची घंटा झाली की काम थांबते. घरात घंटा नसली तरी जेवणाची वेळ तेच करते, कारण एकच टेबल अभ्यासाला आणि ताटांना पुरवायचे असते. पसारा उचला, असे रोज म्हटले गेले की मूल नकळत अशीच कामे निवडू लागते जी जेवणापूर्वी संपतील. यावर उपाय म्हणून प्रत्येक मुलाला चारही बाजूंनी पट्टी ठोकलेली प्लायवूडची एक मोठी फळी देण्यात आली आणि भिंतीलगत, बेकरीतील पावाचे ट्रे सरकवतात तशा खाचा असलेली घोडी सुताराकडून करून घेतली. जेवणाआधी फळी तिच्यावरील सामानासह खाचेत सरकते आणि सकाळी जशीच्या तशी बाहेर येते. या एका सोयीने कामांचे स्वरूपच बदलले : सिंहगडाची कागदाच्या लगद्याची प्रतिकृती कित्येक आठवडे चालली, तिच्यासाठी उंचीचे प्रमाण काढावे लागले, नकाशातील समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, समजून घ्याव्या लागल्या. घरातील वडीलधाऱ्यांना पसारा खुपतो आणि ते स्वाभाविकही आहे; म्हणून फळीवरचे कोणी हलवायचे नाही आणि फळीबाहेरचे रात्री मुलांनीच उचलायचे, असा करार सर्वांनी पाळला.

पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या पुस्तकांना ओल धरते, बुरशी येते आणि कागद व खळ खाणारी कसर लागते. मांडणी भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी आणि आधीच दमट झालेले कागद हवाबंद डब्यात कोंडू नयेत.

कामाच्या नोंदींनाही जागा लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्यात गृहशिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद नाही, आणि पुढे अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देतात, जिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. अशा वेळी मुलाने काय केले हे दाखवता यावे म्हणून दर महिन्याची निवडक कामे तारीख घालून फाईलमध्ये लावली जातात, आणि निवड मूल स्वतः करते.

गृहशिक्षण सुरू करणाऱ्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, कपाटे आणि डबे विकत आणण्यापूर्वी काही दिवस मूल कोठे बसते, कशासाठी मोठ्यांना हाक मारते आणि कोणते काम मध्येच सोडते हे नुसते पाहावे, आणि पहिला खर्च अर्धवट कामाच्या जागेवर करावा.