मिक्सरची आंघोळ

यंत्रे वापरणारे लोक या जगात पुष्कळ. धुणारे फार थोडे. सायकल दामटायला घरातली सगळी मुलं पुढे, चेनला तेल घालायला एकही नाही. मे महिन्यात कूलरचं तोंड ज्याला त्याला आपल्याकडे हवं असतं; जून उजाडला की टाकीतला गाळ कुणाच्याच मालकीचा नसतो. माझ्या या मताला सिमेंटचा भक्कम पाया मिळाला तो शेजारच्या प्लॉटवर काँक्रीटचा मिक्सर मुक्कामाला आला तेव्हा.

आमचं गाव जालना. 'जालना सोने का पालना' असं जुने लोक म्हणत. आता पाळणा लोखंडाचा म्हणायला हवा, कारण इथल्या कारखान्यांतल्या सळया दूरदूरच्या घरांत जाऊन बसल्या आहेत. लोखंडाची ददात नाही, ददात पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही पाहुण्याला पाणी तुपासारखं वाढलं. पुढे जायकवाडीचं पाणी आलं, पण नळाचा दिवस सणासारखा लक्षात ठेवायची सवय काही सुटली नाही. अशा गावात एक माणूस रोज संध्याकाळी एका यंत्राला आंघोळ घालतो म्हटल्यावर गल्लीत कुजबुज होणारच.

हा मिक्सर १०/७ चा. ही कचेरीची वेळ नव्हे. कोरडा माल १० घनफूट टाकला की तयार काँक्रीट ७ घनफूट निघतं. मधले तीन कुणी खात नाही. खडीच्या फटींत वाळू बसते आणि वाळूच्या फटींत सिमेंट. आमच्या पगाराचंही दर महिन्याला असंच होतं, फक्त तिथं फटी बुजत नाहीत.

मिक्सर चालवणारा मिस्तरी बदनापूरकडचा. शेवटचं घमेलं गेलं की बाकीची मंडळी चहाकडे वळत आणि हा पाण्याच्या पिंपाकडे.

"अहो, आधी चहा तर घ्या," मी एकदा कुंपणावरून म्हटलं.

"चहा थांबंल, सर. सिमेंट थांबत न्हाई."

त्याचं खरं होतं. साध्या सिमेंटचा नियमच असा, की पाणी लागल्यावर ३० मिनिटांच्या आत त्यानं आळू नये आणि १० तासांच्या पुढे ताणू नये. म्हणजे 'सकाळी बघू' म्हणणाऱ्याला सकाळी ड्रममध्ये दगड भेटतो.

धुण्याची रीतही सोपी. ड्रम फिरता ठेवायचा, त्यात दोन-तीन घमेली खडी आणि पाणी टाकायचं. खडी आतल्या पात्यांवर आपटत राहते आणि चिकटलेला लगदा खरवडून काढते. हे मी कौतुकानं घरात सांगितलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "चटणीचं भांडं मी दुसरं काय करते? पाणी घालून एकदा फिरवलं की झालं!" हिनं हे पंचवीस वर्षं केलं, पण हिला कुणी मिस्तरी म्हटलं नाही.

बाहेरून तो सकाळीच जळकं ऑइल चोळी, म्हणजे उडालेले शिंतोडे संध्याकाळी सहज सुटत. दातेरी चक्राला आणि बेअरिंगला ग्रीस. धुतलेलं पाणी गटारात नाही. सिमेंट गटारातही आपला धर्म सोडत नाही, तिथंच घट्ट होऊन बसतं. पाणी एका जुन्या पिंपात निवळायला ठेवायचं आणि वरचं नितळ पाणी दुसऱ्या दिवशीच्या धुण्याला घ्यायचं. बघायला नितळ, पण चुन्यासारखं जहाल. त्या पाण्यानं त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या. रात्री खोबरेल लावतो म्हणाला.

न धुणाऱ्यांचा उपाय हातोडा. ड्रमवर बाहेरून घाव घातले की आतला थर पडतो, पण पत्र्याला पोचे येतात. पोच्यात उद्या जास्त माल चिकटतो, मग परवा हातोडा मोठा लागतो. असं करता करता ड्रमचं पोट आतून भरत जातं आणि १०/७ चं यंत्र नावालाच तेवढं उरतं.

इतकं करूनही पात्यांच्या बेचक्यांत थोडं राहायचंच. मग आठवड्यातून एकदा तो इंजिन बंद करी, पट्टा उतरवी, इंजिनचं हँडल काढून कमरेला खोची आणि छन्नी घेऊन ड्रममध्ये शिरे. बाहेर नुसते पाय दिसत.

"हँडल आत कशाला नेता? अडचण होत असेल," मी विचारलं.

तो छन्नी खाली ठेवून बाहेर आला. "सर, आमच्यासंगं एक गडी होता. आत बसून खरवडत होता. दुसऱ्याला वाटलं, ड्रम रिकामाच हाय. मारलं हँडल." पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुंपणावर ठेवलेला माझा चहा गार झाला.

यथावकाश स्लॅब पडला. नारळ फुटला. घरमालकांनी मला खर्चाची वही दाखवली. सिमेंट, वाळू, खडी, सळई, नारळ, पेढे, हार, सगळ्याला ओळ होती, धुण्याला नव्हती. मी तसं म्हटलं, तर ते हसले. "धुण्याचे कसले पैसे, सर?"

पेढे वाटले तेव्हा मिस्तरी ड्रममधून नुकता बाहेर आला होता. ओला हात धोतराला पुसून त्यानं पेढा घेतला. दुसऱ्या हातात हँडल होतं. पोऱ्या म्हणाला, "द्या ना, धरतो मी."

"तू पेढा खा," मिस्तरी म्हणाला.