गल्ल्यामागचा फोटो आणि हॉटेलाची समीक्षा

आपल्या इंदापूर तालुक्यात सध्या ज्याच्या हातात फोन तो खाद्यसमीक्षक झाला आहे. भिगवणला जायचं, उजनीच्या चिलापीचं ताट पुढ्यात घ्यायचं, पहिल्या घासाला डोळे मिटायचे आणि 'एक नंबर' म्हणायचं. तसल्या हॉटेलांना बोलणाऱ्यांची वाण नाही. प्रश्न आहे तो बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्ण्यासारख्या गावातल्या साध्या हॉटेलांचा. सकाळी चहा-वडापाव, दुपारी राइसप्लेट, संध्याकाळी भजी. चव नाव काढण्यासारखी नाही आणि नावं ठेवण्यासारखीही नाही. दोन गावं ओलांडली की हॉटेल कुणाला माहीतही नसतं. अशा हॉटेलावर कुणी समीक्षा करावी का?

आमच्याबरोबर काम करणाऱ्या तरुणांमध्ये यावरून सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. दुसरा म्हणतो, गिऱ्हाईक पैसे मोजतं, मग बोलायचा हक्क त्याला आहेच. हा वाद वरवर वड्याच्या चवीचा वाटतो, पण आम्हाला तो आपल्या चळवळीच्या जुन्या प्रश्नाजवळ नेणारा वाटतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पहिल्या तटाच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या हॉटेलाला कुणी वाईट म्हटलं तर त्याचं फारसं बिघडत नाही, उलट चार माणसं 'बघू तरी' म्हणून येतात. छोट्या हॉटेलाचं गणित रोजचं असतं. दूध, तेल, बेसन, सिलिंडर, जागेचं भाडं आणि एखादा कामगार. रोजची ठरलेली पन्नास-साठ माणसं आली तर संध्याकाळी हातात काही उरतं. एका पोराने गंमत म्हणून 'फालतू वडा' असा रील टाकला आणि त्यातली वीस माणसं वळली, की पुढच्या महिन्याचं भाडं थकलं. रील करणाऱ्याचा खेळ तीस सेकंदांचा असतो, पण हॉटेलवाल्याला त्याची किंमत वर्षभर मोजावी लागते.

पण म्हणून गप्प बसायचं का? जगात याचा अनुभव काय आहे ते पाहू. 2012 साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स या लहानशा शहरात मॅरिलिन हॅगर्टी नावाच्या 85 वर्षांच्या बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रात 'ऑलिव्ह गार्डन'वर लिहिलं. ही देशभर शाखा असलेली साधी साखळी हॉटेलं. त्यांनी बसायची जागा, वाढपी, पदार्थ, सगळं जसं होतं तसं सरळ सांगितलं. मोठ्या शहरांतल्या लोकांनी आधी त्यांची टिंगल केली. मग अनेकांना कळलं, की त्या गावातली माणसं जिथे खरोखर जेवतात त्याच जागेबद्दल बाई लिहीत होत्या. दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसच्या जोनाथन गोल्ड यांचं. स्थलांतरितांच्या वस्त्यांतली, आडबाजूची छोटी हॉटेलं त्यांनी पायाखाली घातली आणि त्यावर आयुष्यभर लिहिलं. 2007 साली त्यांना समीक्षेचं पुलित्झर मिळालं. हॉटेलांवर लिहिणाऱ्याला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. म्हणजे छोट्या जागेवर लिहिणं हे छोटं काम नाही.

आता 'साधारण चव' या शब्दाकडे येऊ. साधारण हे कुणी ठरवलं? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी 1979 च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की माणूस ज्याला आपली स्वतःची आवड समजतो ती बरीचशी त्याच्या वर्गाने घडवलेली असते आणि तीच आवड इतरांना खालचं ठरवायला वापरली जाते. भारतात वर्गाच्या जोडीला जात आहे. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा केल्या. 'भारतीय जेवण' म्हणून जे ताट दाखवलं जातं त्यात आपलं ताट कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या संस्कृतीत कुणाची थाळी अपूर्ण ठेवली गेली, हे त्या एका शीर्षकात आलं. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी पोरं काढली आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी तो वेगळा गणवेश मागे घेतला. म्हणून ज्या मापाने आपण रस्सा मोजतो ते माप आधी तपासलं पाहिजे. रस्सा पातळ आहे असं लिहिताना, तो पातळ का, तो कुणाच्या खिशासाठी केला आहे, हे विचारायला हवं. ऊसतोडीच्या हंगामात फडावरून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा रस्सा फुकट मिळणं हा त्या हॉटेलाचा गुण आहे. मसाल्याच्या नादात तो गुण आपल्या नजरेतून सुटतो.

आम्हाला विचाराल तर साधारण हॉटेलावर कसं लिहावं याचा नमुना बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत, पण त्यातला बडोद्याचा भाग या नजरेने पुन्हा वाचा. 1917 साली परदेशातून शिकून आलेला हा माणूस बडोद्याला उतरतो. हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही हे त्यांना माहीत आहे. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहतात. ती जागा कशी होती हे ते बारकाईने सांगतात. दिवसाला दीड रुपया भाडं, वर एक छोटी खोली, शेजारच्या दालनात मोडक्या खुर्च्या आणि फळ्यांचा ढीग, विजेचा दिवा नाही, मिणमिणता कंदील आणि वटवाघळं. कुठल्याही मापाने ती जागा भिकार होती. तरी बाबासाहेबांनी ती सोसली. अकराव्या दिवशी त्यांना तिथून बाहेर काढलं ते वटवाघळांनी नव्हे, काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी. जागेतले दोष त्यांनी लपवले नाहीत, पण खरा दोष कोणता याबद्दल वाचकाला संशयही ठेवला नाही. समीक्षेत हा क्रम पाळला पाहिजे. इथे कोण बसू शकतं हे आधी, आणि चहात साखर किती हे नंतर.

आपल्या वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा. हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी, चहा वरून ओतणं, पिऊन झाल्यावर आपणच ती धुऊन ठेवणं, हे त्यांनी भोगलं तरी आहे किंवा वडिलांकडून ऐकलं तरी आहे. म्हणून तर संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्या सोबत दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं हे शब्द आले. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा स्पष्ट उल्लेख आहे. देशाच्या कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागली. मग गावातलं चहाचं हॉटेल ही समीक्षेच्या लायकीची जागा नाही असं कोण म्हणेल?

आता खरी अडचण सांगतो. आपल्या समाजातलं एक जोडपं या पट्ट्यातल्या एका गावात छोटं हॉटेल चालवतं. गाव आणि नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्यातली दोन पोरं उत्साहाने तिथे व्हिडिओ करायला गेली. आपल्या माणसाचा धंदा वाढावा हाच हेतू होता. ताईंनी चहा दिला, भजी दिली आणि एकच गोष्ट सांगितली. "दादा, भजी दाखवा, चूल दाखवा, पण त्या भिंतीकडं फोन नका फिरवू." गल्ल्यामागे बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो होता. पोरं चिडली. बाबासाहेबांना लपवता का, असं एकाने तोंडावर विचारलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "लपवलं असतं तर भितीवर कशाला लावलं असतं? ज्याला बघायचं त्यो बघतोच. पण तुम्ही सगळ्या तालुक्याला कशाला सांगताय? उद्या निम्मं टेबल रिकामं राहिलं तर तुम्ही येऊन बसणार हाय का?"

या प्रश्नाला पोरांकडे उत्तर नव्हतं. आमच्या मते या सगळ्या वादाचं मर्म त्याच प्रश्नात आहे. समीक्षा ही उजेड पाडते असं आपण म्हणतो. पण जातीच्या समाजात उजेड सगळ्यांवर सारखा पडत नाही. पाटलाच्या हॉटेलावर उजेड पडला तर गर्दी वाढते. आपल्या माणसाच्या हॉटेलावर पडला तर काहींना त्याची जात दिसते आणि कालपर्यंत गोड लागलेली भजी आज घशाखाली उतरत नाहीत. दोष त्या न खाणाऱ्याचा आहे, ताईंचा तिळमात्र नाही. तरी तोटा ताईंना होतो. ताईंना भित्रं म्हणणाऱ्या पोरांना आम्ही एवढंच सांगितलं, की दुसऱ्याच्या चुलीवर आपली क्रांती शिजवू नये.

इथे कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची आठवण होणं अपरिहार्य आहे. राजवाड्यावर नोकरीला असताना पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, पण मालकाची जात कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. चहा चांगला की वाईट याचा तिथे संबंधच नव्हता. तेव्हा महाराजांनी काय केलं? 'गंगारामच्या हॉटेलात जा' असा नुसता सल्ला दिला नाही. गाडी हॉटेलापुढे थांबवली, चारचौघांत चहा मागवला, स्वतः प्यायले आणि सोबतच्यांनाही पाजला. महाराष्ट्रात छोट्या हॉटेलाची याहून मोठी समीक्षा झालेली आम्हाला माहीत नाही. त्यात एकही विशेषण नव्हतं. महाराजांनी आपलं सगळं वजन त्या कपाच्या मागे उभं केलं होतं.

आपल्याकडे राजाचं वजन नाही, संख्या मात्र आहे. जिथे आपण रोज बसणार नाही त्या हॉटेलाची जात चव्हाट्यावर आणण्याचा आपल्याला अधिकार नाही. बसणार असू, तर मालकाला विचारून खुशाल त्या भिंतीसमोर फोटो काढा.

मग साधारण हॉटेलावर लिहावं का? लिहावं, असंच आमचं उत्तर आहे. दयेने गप्प बसणं हाही एक प्रकारचा कमीपणा देणं आहे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्या कामावर आपण बोलतो. आपला समाजबांधव आहे म्हणून खोटी स्तुतीही नको. तेच तेच तळलेलं काळं तेल कुणाच्याही कढईत असलं तरी ते वाईटच. टेबल पुसणारं पोरगं चौदाच्या आतलं आहे का, हेही बघावं, मग मालक आपला असो की परका.

कसं बोलावं यासाठी तथागतांनी माप दिलेलं आहे. मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात ते सांगतात, की जे खरं नाही आणि हिताचं नाही ते बोलू नये. जे खरं आणि हिताचं आहे, पण ऐकणाऱ्याला कडू लागेल, ते योग्य वेळ पाहून बोलावं. हे माप हॉटेलाला लावून पाहा. भजी तेलकट आहेत हे खरं आहे आणि मालकाच्या हिताचंही आहे. त्याची योग्य वेळ म्हणजे दुपारची गर्दी ओसरल्यावर, गल्ल्याजवळ, हळू आवाजात. त्यासाठी रील लागत नाही. दोनदा सांगूनही तेल बदललं नाही तर मग लिहा, कारण आता प्रश्न खाणाऱ्यांच्या तब्येतीचा आहे. आणि कुठे वेगळा कप, वेगळी जागा, जात विचारून वाढणं दिसलं, तर तिथे हळू आवाज नको. ती चवीची तक्रार नाही, तो गुन्हा आहे. त्याची जागा समीक्षेत नाही, पोलीस ठाण्यात आहे, आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून आपली चार पोरं उभी राहिली पाहिजेत.

एकदा जाऊन लिहू नका, चारदा जा. तिथे रोज कोण जेवतं त्याच्याशी बोला. दर लिहा, पाण्याची सोय लिहा, बाया एकट्या येऊन निर्धास्त बसू शकतात का ते लिहा. स्वयंपाक कोण करतं आणि तिला मोबदला मिळतो का ते लिहा. चव शेवटी लिहा, पण खरी लिहा.

आमच्या गटाने ठरवलं आहे, की दर रविवारी बैठक संपल्यावर चहा पाळीपाळीने अशा एकेका हॉटेलात घ्यायचा, पैसे रोख द्यायचे, उधारी ठेवायची नाही. सहा महिने हे पाळलं तर सातव्या महिन्यात लिहायला बसू. ताईंच्या हॉटेलात या रविवारी तीन टेबलं लागतील. भिंतीचं काय करायचं ते त्या ठरवतील.

जय भीम! नमो बुद्धाय!