मागची सीट राहू दे

चंद्रपूर,
होळीनंतरचा रविवार

चि. सौरभ यास,


तुझं पाकीट मिळालं. आराखडा अगदी बारकाईने वाचला, पेन्सिलने खुणाही केल्या आहेत. जुनी पोलो टीएसआय घ्यायची. मागची सीट, आतलं अस्तर, स्टेपनी आणि एसी काढून टाकायचे. पुढे दोन बकेट सीट, मागे आडवी दांडी, इंजिनाला रिमॅप. मग सुटीत गाडी पुण्याहून इकडे आणायची आणि मूल रोडवर, आलापल्लीच्या रस्त्यावर मनसोक्त चालवायची. तुझे बाबा म्हणाले, त्याला जरा समजाव. पण हे खूळ आहे असं मला वाटत नाही. पॉलिटेक्निकमध्ये एवढी वर्षं मेकॅनिकल शिकवताना इतक्या नीटपणे मांडलेला आराखडा क्वचितच हातात आला. म्हणून उत्तरही त्याच तोलाचं देते.

आधी तुझ्या बाजूने बोलते. चांगल्या हॉट हॅचमधून सीट काढून ती हलकी करणं हा जगातल्या उत्तम कारखान्यांचा उद्योग आहे. रेनोने २००८ साली मेगान आर२६.आर काढली. मागची सीट गेली, मागच्या काचांऐवजी पॉलीकार्बोनेट आलं, बॉनेट कार्बनचं झालं आणि गाडी १२३ किलोंनी उतरली. न्यूर्बुर्गरिंगच्या वीस-एकवीस किलोमीटरच्या डोंगरी ट्रॅकवर तिने ८ मिनिटं १७ सेकंदांत फेरी मारली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने त्या काळी असं काही करावं, हे लोकांना खरं वाटत नव्हतं. २०१४ च्या ट्रॉफी-आरने तीच फेरी ७:५४ मध्ये मारली. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट एस काढली, फक्त ४०० गाड्या, तिने ७:४९ केले. २०१९ च्या ट्रॉफी-आरने ते ७:४० वर आणले. टोयोटाची जीआर कोरोला मोरिझो दोन सीटचीच. मिनीची जॉन कूपर वर्क्स जीपी तर २०२० मध्ये आपल्या देशातही आली, १५ गाड्या, ४६.९० लाखांना एक, मागे सीटच्या जागी लाल दांडी. या गाड्या दिखाव्याच्या नाहीत. ज्यांनी बनवल्या त्यांना वजन म्हणजे काय ते कळत होतं, आणि मला त्या मनापासून आवडतात.

पण त्यांनी वजन नेमकं कुठून काढलं ते बघ. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचचं साठ टक्क्यांहून जास्त वजन आधीच पुढच्या चाकांवर असतं. पुढचे टायर गाडी ओढणार, वळवणार आणि ब्रेकचा मोठा भारही तेच घेणार. म्हणून रेनोने बॉनेट कार्बनचं केलं आणि फोक्सवॅगनने पुढची सबफ्रेम ॲल्युमिनियमची केली. तू मात्र जे काढतो आहेस ते जवळजवळ सगळं मागचं. गाडी हलकी होईल, पण नाकाकडे जास्त झुकेल. भर वेगात वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललास की आधीच हलकी असलेली मागची बाजू सुटायला बघेल. ट्रॅकवर हा गुण ठरू शकतो, कारण तिथे बाजूला मोकळी जागा असते. इथे साइडपट्टीनंतर थेट साग उभा असतो.

आता हिशेब कर. पोलोची मागची सीट धर साधारण वीस-पंचवीस किलोंची. टाकी ४५ लिटरची, म्हणजे भरल्यावर तेहेतीस-एक किलो पेट्रोल. पाऊण टाकी रिकामी ठेवून निघालास तरी सीट काढल्याइतकं वजन कमी झालं, एक पानाही न फिरवता. क्लबस्पोर्ट एसदेखील साध्या क्लबस्पोर्टपेक्षा जेमतेम तीस किलोंनी हलकी होती. मग एवढी वेगवान कशाने? टायर, पुढची भूमिती आणि शॉकअप. आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की न्यूर्बुर्गरिंगसाठी त्यांनी शॉकअप कडक केले नाहीत, मऊ ठेवले. तो ट्रॅक उंचसखल आहे, खडबडीत आहे. कडक गाडी तिथे उडत राहते, आणि टायर हवेत असताना पकड शून्य. तुझ्या आराखड्यात शेवटच्या ओळीत 'स्प्रिंग खाली बसवणे' लिहिलं आहेस, त्यावर मी मोठी फुली मारली आहे. आष्टीहून आलापल्लीकडे एकदा त्या गाडीने जा. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जिथून जातात तिथे डांबराच्या कडा उचलल्या जातात आणि मध्ये चाकोऱ्या पडतात. इकडे घुग्घूस-पडोलीकडे हायवा ट्रकमधून सांडलेला कोळशाचा चुरा वळणावर पसरलेला असतो, पहिला पाऊस पडला की त्याचा काळा रेंदा होतो. अशा रस्त्यावर जास्त खालीवर सरकणारे, मऊ आणि नीट आवरलेले शॉकअप असलेली गाडीच खरी वेगवान.

एसीबद्दल मी वाद घालत नाही. मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो तेव्हा अस्तर काढलेल्या पत्र्याच्या डब्यात बसून मूलपर्यंत जा, उत्तर तुझं तुला मिळेल. घामाने भिजलेल्या हातांतून स्टेअरिंग सरकतं आणि उन्हाने डोकं जड झालं की ब्रेकवर पाय उशिरा जातो. चालकाला ताजं ठेवणारी वस्तू मी वजनात मोजत नाही.

खरा प्रश्न रस्त्यांचाच आहे, आणि तो तू पुण्यात बसून मांडलास म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी चालवण्याचा सगळ्यांत सुंदर वेळ कोणता? पहाट. हवा गार, इंजिनाला आवडते तशी, रस्ता मोकळा. मलाही तोच वेळ प्रिय आहे. पण आत्ता, या दिवसांत, पहाटे मूल रोडला काय असतं ते डोळ्यांपुढे आण. लोहारा सोडलं की दोन्ही बाजूंना जंगल, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक मोहाखाली माणसं. रात्री गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची असतात. बाया वाकून टोपल्यांत गोळा करतात, बारकी पोरं डांबरावर पडलेली फुलं उचलत रस्त्याच्या मधोमध येतात, कारण साफ डांबरावरचं फूल मातीचं नसतं. अंधार अजून पुरता गेलेला नसतो. त्याच फुलांसाठी अस्वलही आलेलं असतं. मे लागला की तेंदूपत्ता, मग पत्त्याचे गठ्ठे लादलेल्या सायकली. दिवाळीच्या पुढेमागे सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडून खाली गडचिरोलीपर्यंत गावागावांत धान रस्त्यावर वाळत घातलेलं, अर्धा रस्ता त्याच्याखाली. आणि वर्षभर वाघ, चितळ, रानडुकरं. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्तीही गडचिरोलीच्या जंगलात आहेत.

या रस्त्यांवर वेगाचा आनंद घेताच येत नाही असं मी म्हणत नाही. ताशी साठ-सत्तरला, एका लयीत, ब्रेक न मारता, प्रत्येक वळण आधी वाचून घेत गाडी नेणं यात जे सुख आहे ते मी आयुष्यभर घेतलं. पण ती गाडी नव्वदला जिवंत होणारी नको. कडक, कानठळ्या बसवणारी, टोकाला नेल्याशिवाय न बोलणारी गाडी या जिल्ह्यांत तुला सतत उपाशी ठेवेल. आणि उपाशी चालक शेवटी पाय दाबतोच.

मागच्या सीटबद्दल अजून एक. माझ्याकडे पालिओ होती तेव्हा एकदा भामरागडकडे निघाले होते, भर पावसात. पेरमिलीच्या अलीकडे एक बाई तान्हं पोर पदराखाली घेऊन उभी होती, बरोबर सासू. पोर तापाने फणफणलेलं. हेमलकशाच्या दवाखान्यात जायचं होतं आणि गाडी केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. दोघी मागे बसल्या. ती बाई साऱ्या वाटेत पाठ टेकून बसली नाही; सीटच्या अगदी कडेवर, पुढे झुकून, आपल्या ओल्या लुगड्याने गाडी खराब होऊ नये म्हणून. टेका, म्हटलं तरी टेकली नाही. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनीताईंनी १९७३ साली तिथे काम सुरू केलं, तेव्हापासून माणसं चालत, खाटेवर घालून, मिळेल त्या गाडीने तिथे पोचत आली आहेत. आता रुग्णवाहिका आहेत, पूल झालेत, फोन लागतो. तरीही पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आणि त्या वाटेवर हात दाखवणारं कुणी ना कुणी असतंच. गाडीत जागा असून न थांबणं वेगळं आणि जागाच काढून टाकणं वेगळं. दुसऱ्यात तर थांबायचा प्रश्नच मिटतो. मला ते नको आहे. तुलाही नको असेल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या इथली जिप्सी आठव. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली, आणि नागरिकांसाठी बंद होऊन आता वर्षं झाली, तरी ताडोब्यात मोहर्लीच्या गेटवर तीच रांगेत उभी असते. तिचंही सोलून घेतलेलं रूप आहे ते. छप्पर नाही, काचा नाहीत, आत चैनीचं काही नाही. पण हे सगळं काढलं ते माणसं जास्त बसावीत आणि त्यांना चहूबाजूंना दिसावं म्हणून. सहा पर्यटक, गाईड आणि चालक. हीच जिप्सी हिमालयातल्या रॅलींत दोन सीटांवर धावली आहे, आत पाइपांचा पिंजरा आणि शेजारी नॅव्हिगेटर. दोन्ही गाड्या मला सारख्याच पटतात, कारण दोन्हींत जे काढलं त्याचं कारण चाक फिरवणाऱ्याला विचारलं तर तो एका वाक्यात सांगेल. तुझ्या पोलोचं कारण मी आराखड्यात शोधलं. 'फील' एवढंच सापडलं. फील हवाच, पण तो सीट उचकटून येत नाही. चांगल्या टायरमधून आणि स्टेअरिंगच्या सांध्यांत ढिलाई नसण्यातून येतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीवर पाच सीट लिहिलेल्या असतात. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी तेच बघेल. आणि पिंजऱ्याचा विचार डोक्यात असेल तर तो रस्त्यावरच्या गाडीत नकोच नको. हेल्मेटशिवाय डोकं त्या नळीवर आपटलं तर साध्या टकरीतही जीव जाऊ शकतो. पिंजरा, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि हेल्मेट हे तिन्ही एकत्रच कामाचे.

मग काय करायचं? पोलो घे. ती बंद झाली २०२२ मध्ये, पण सुटे भाग मिळतात आणि चेसिस प्रामाणिक आहे. मॅन्युअल गिअरचीच घे. पाचही सीट आणि एसी जागच्या जागी राहू देत. रिमॅपचे पैसे बाजूला ठेव आणि चांगल्या कंपनीचे चार टायर घे, मूळ मापाचेच. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदल, शॉकअप नवे टाक, सगळे बुश तपासून घे, अलाइनमेंट मशीनवर कर. एवढ्याने ती गाडी तुला ओळखू येणार नाही. उरलेल्या पैशांत कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर शिकवणी घे. तिथे भरधाव वेगातून ब्रेक दाबून गाडी सरळ कशी ठेवायची हे शिकवतात, आणि नेमकं तेच इथे चितळ आडवं आलं की उपयोगी पडतं.

आणि दोन सीटची गाडी तुला खरोखर हवीच असेल, तर मी तुझ्या पाठीशी आहे, पण मग ती पुरती कर. नाशिकला रॅलीची जुनी परंपरा आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. मोटारशर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेचं, एफएमएससीआयचं, लायसन्स काढ, नियमाबरहुकूम पिंजरा बसव, एक जुनी स्वस्त हॅच त्यासाठीच ठेव, ट्रेलरवरून ने आणि ट्रेलरवरून आण. तिथे रस्ता बंद केलेला असतो, वळणावर मार्शल उभा असतो, आणि शेजारच्या सीटवर वही घेऊन बसलेला माणूस तुला पुढचं वळण सांगत असतो. तशी गाडी बांधायला घेतलीस तर वेल्डिंगला माझा जुना विद्यार्थी आहे, बल्लारपूरला, त्याचा हात फार साफ आहे. खर्चात माझा वाटा धर.

गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर परत ये आणि दुसऱ्या दिवशी जा. सुरू करतानाचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर व्हिडिओत घे, सर्व्हिसची कागदपत्रं मला पाठव. मी पाहिल्याशिवाय इसार देऊ नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या